कोकणातून व्यावसायिक स्ट्रायकर व्हायचे असेल तर: वय, ट्रायल, नोंदणी आणि करार

मी मालवण तालुक्यातला. भात कापून झाल्यावर मोकळ्या होणाऱ्या मळ्यात फुटबॉल शिकलो, पुढे काही हंगाम गोव्यातल्या क्लबसाठी आणि त्यानंतर मुंबईत एका कंपनीच्या संघासाठी स्ट्रायकर, म्हणजे गोल करण्यासाठी सर्वांत पुढे खेळणारा खेळाडू, म्हणून खेळलो. आमच्या घरात किंवा वाडीत या वाटेने आधी कोणी गेलेले नव्हते, त्यामुळे कोणता कागद कधी काढायचा, कोणत्या वयात कुठे जायचे आणि सही करण्याआधी काय वाचायचे हे मला प्रत्येक वेळी चुकल्यावर कळले. त्यात माझी जवळजवळ दोन वर्षे गेली, आणि स्ट्रायकरच्या आयुष्यात दोन वर्षे फार मोठी असतात. आता गावी मुलांना शिकवताना तेच प्रश्न पालक मला विचारतात. ती उत्तरे मी येथे क्रमाने लिहीत आहे. लेख मुख्यतः तेरा ते अठरा वर्षांच्या खेळाडूंसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आहे.

१. आधी वयाचा हिशेब मांडा

भारताचा नामवंत स्ट्रायकर सुनील छेत्री २००२ साली कोलकात्याच्या मोहन बागान क्लबमध्ये गेला तेव्हा तो अठरा वर्षांचाही झालेला नव्हता, आणि २००५ मध्ये क्वेट्टा येथे पाकिस्तानविरुद्ध भारताकडून पहिल्याच सामन्यात त्याने गोल केला. प्रत्येकाचा प्रवास असा होणार नाही, पण क्लब मुलांकडे कोणत्या वयात पाहू लागतात याचा अंदाज त्यावरून येतो. अठराव्या वर्षापर्यंत तुम्ही जिल्ह्याबाहेर एकही स्पर्धा खेळलेला नसाल, तर वाट बंद होत नाही, मात्र बरीच अरुंद होते.

म्हणून शालेय स्पर्धा हलक्यात घेऊ नका. राज्य शासनाच्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. जिल्ह्यातून विभागाला आणि विभागातून राज्याला असा त्यांचा क्रम असतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे क्रीडा खात्याच्या कोल्हापूर विभागात येतात. म्हणजे जिल्हा जिंकल्यावर आपल्या मुलांना घाटावरच्या, फुटबॉल अंगात भिनलेल्या कोल्हापूरच्या मुलांशी खेळावे लागते. हा सामना बहुधा जड जातो, तरीही तो खेळाच, कारण आपण नेमके कुठे आहोत हे त्या दिवशी कळते. सुब्रतो चषकाची आंतरशालेय स्पर्धाही याच शाळेच्या मार्गाने खेळता येते. या स्पर्धांच्या प्रवेशिका पावसाळ्यात, म्हणजे शाळा नुकतीच सुरू झालेली असताना आणि घरोघरी गणपतीची तयारी चालू असताना, भराव्या लागतात. शाळेत क्रीडाशिक्षक नसेल तर मुख्याध्यापकांना भेटा आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून वेळापत्रक स्वतः मिळवा.

एक इशारा येथेच देतो. वय कमी दाखवण्याचा सल्ला देणारे लोक तुम्हाला नक्की भेटतील. वयोगटाच्या स्पर्धांमध्ये मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय तपासले जाते, आणि खोट्या दाखल्यावर खेळताना सापडलेल्या मुलावर बंदी येऊ शकते. दाखला आईवडिलांनी बदललेला असला तरी बंदी मुलावरच येते.

२. कागदपत्रांची फाइल आजच तयार करा

ट्रायलचा, म्हणजे क्लबच्या निवड चाचणीचा, निरोप बहुधा तीन-चार दिवस आधी येतो, आणि तेवढ्यात ग्रामपंचायतीतून दाखला मिळेलच असे नाही. पुढील कागद मूळ प्रत, प्रत्येकी चार छायाप्रती आणि मोबाइलमध्ये स्वच्छ स्कॅन अशा तिन्ही रूपांत ठेवा:

- जन्मदाखला (जन्मानंतर लगेच नोंद झालेला असेल तर उत्तम, उशिरा नोंद झालेल्या दाखल्याला शंका विचारल्या जातात, त्यासाठी शाळेच्या पहिल्या प्रवेशाची नोंद सोबत ठेवावी)
- आधार कार्ड
- शाळेचा किंवा महाविद्यालयाचा बोनाफाइड दाखला
- पासपोर्ट
- पासपोर्ट आकाराची दहा छायाचित्रे
- डॉक्टरांचे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र
- अठरा वर्षांखालील खेळाडूसाठी आईवडिलांचे सहीचे संमतिपत्र
- स्वतःच्या नावाचे बँक खाते आणि पॅन कार्ड
- आजवर खेळलेल्या प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र

सर्व कागदांवर नावाचे स्पेलिंग आणि जन्मतारीख एकच आहे ना, हे एकेक अक्षर लावून पाहा. आपल्याकडे आडनावात फार घोळ होतो: आधारवर गावाचे आडनाव, शाळेत मूळ आडनाव आणि दाखल्यावर फक्त वडिलांचे नाव असे प्रकार मी अनेकदा पाहिले आहेत. ते दुरुस्त करायला महिने लागतात.

३. स्ट्रायकर म्हणून नेमके काय शिकायचे

गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो, आणि आपल्याकडच्या मुलांचा बहुतेक सराव त्यावर लांबून जोरात चेंडू मारण्यात जातो. तो मोहमयी असतो, पण प्रत्यक्ष सामन्यात बहुसंख्य गोल पेनल्टी क्षेत्राच्या आतून, एका किंवा दोन स्पर्शांत होतात. त्यामुळे चेंडू पायात येण्याआधीचे दोन-तीन सेकंद तुम्ही काय करता, हीच खरी विद्या आहे.

एक उदाहरण बारकाईने सांगतो. चेंडू उजव्या कडेला तुमच्या विंगरकडे (कडेने खेळणाऱ्या साथीदाराकडे) आहे. समोरच्या संघाच्या सेंटर बॅकला (मधल्या बचावपटूला) चेंडू आणि तुम्ही, दोघांवरही नजर ठेवायची आहे. तुम्ही त्याच्या समोर उभे राहिलात तर त्याचे काम सोपे होते. त्याऐवजी त्याच्या चेंडूपासून दूरच्या खांद्यामागे, हात लांबवला तर त्याच्या पाठीला लागेल इतक्या अंतरावर उभे राहा. आता तुम्हाला पाहण्यासाठी त्याला मान वळवावी लागते. ज्या क्षणी तो मान पुन्हा चेंडूकडे फिरवतो, त्या क्षणी दोन पावले मागच्या खांबाकडे टाका. तो तुमच्या मागे सरकला की त्याच्या पुढून आडवे कापत जवळच्या खांबाकडे धावा. विंगरने चेंडू टाकण्यासाठी डोके खाली घातलेले असते तोच निघण्याचा क्षण; त्याआधी निघालात तर ऑफसाइड (चेंडू सुटण्याआधीच बचावपटूंच्या पुढे सापडणे), आणि चेंडू सुटल्यावर निघालात तर उशीर. चेंडूला जोर आधीच असतो, तुम्ही फक्त पायाची आतली बाजू लावून दिशा द्यायची. ही एकच धाव मी रोज चाळीस वेळा करून घेतो, त्यातल्या निम्म्या वेळा चेंडू न देता, कारण सामन्यातही निम्म्याहून अधिक वेळा चेंडू येत नाही आणि तरी धावावेच लागते.

ही सवय आपल्या मैदानांवर लागणे कठीण असते, आणि त्याची कारणे ओळखून घ्या. सड्यावरच्या कातळाच्या मैदानात चेंडू उंच उसळतो आणि वेगाने निघून जातो. मळ्यात ढेकळांमुळे तो वाकडा वळतो. पावसाळ्यात पाण्याच्या डबक्यात थांबतो. त्यामुळे आपली मुले चेंडूची वाट पाहत उभी राहायला शिकतात. टर्फवर (कृत्रिम गवतावर) किंवा चांगल्या हिरवळीवर मात्र चेंडू अपेक्षेपेक्षा लवकर पायात येतो आणि पहिला स्पर्श दोन हात लांब जातो. यासाठी घराच्या चिऱ्याच्या भिंतीवर रोज वीस मिनिटे दोन्ही पायांनी चेंडू मारून परत घ्यायचा सराव करा, आणि आठवड्यातून एकदा तरी जवळच्या शहरातल्या टर्फवर खेळा. डावा पाय कच्चा असेल तर तो पक्का करायला वर्ष द्या. क्रॉसवर उडी मारून डोक्याने चेंडू खाली दाबण्याचा सराव प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच करा.

साहित्यावर फार खर्च करू नका. पाच नंबरचा चेंडू, शिनगार्ड आणि बुटांचे दोन जोड पुरेत: हिरवळीसाठी स्टडचे आणि टर्फसाठी बारीक रबरी गाठींचे. स्टडचे बूट कातळावर वापरले तर ते काही आठवड्यांत झिजतातच, शिवाय घोटा मुरगळतो. आखातातून काकांनी पाठवलेले महागडे बूट सड्यावर घालून पाय जायबंदी करून घेतलेला एक गुणी मुलगा मी पाहिला आहे.

४. दिशा ठरवा: दक्षिण, उत्तर की घाटावर

सिंधुदुर्गातल्या मुलांसाठी गोवा सर्वांत जवळचा. तेथे फुटबॉल हा गावागावाचा खेळ आहे, साळगावकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स अशी जुनी नावे आहेत, २०१४ पासून एफसी गोवा आहे, आणि राज्याची स्वतःची प्रोफेशनल लीग आहे. ब्रुनो कुतिन्होसारखा अर्जुन पुरस्कार मिळवणारा स्ट्रायकर तेथूनच आला. मडगावचे फातोर्डा स्टेडियम रेल्वे स्थानकापासून जवळ आहे. गोव्यात स्थानिक मुलांची स्पर्धा फार तीव्र आहे, म्हणून थेट मोठ्या क्लबकडे न जाता खालच्या विभागातल्या क्लबमध्ये पूर्ण हंगाम खेळायला मिळतो का ते पाहा. बाकावर बसून नाव मोठे होत नाही.

रायगड आणि उत्तर रत्नागिरीच्या मुलांना मुंबई सोयीची. तेथील लीगमध्ये अनेक विभाग आहेत, कंपन्यांचे, बँकांचे आणि रेल्वेचे संघ आहेत, आणि बहुतेक कोकणी घरांचा कोणी ना कोणी चाकरमानी नातेवाईक तेथे राहतो, हा आधार लहान नाही.

तिसरी वाट आंबा किंवा गगनबावडा घाट चढून कोल्हापूरला जाते. तेथील तालमींचे संघ, शाहू स्टेडियमची गर्दी आणि तिथला दबाव सहन करायला शिकलेला स्ट्रायकर पुढे कुठेही घाबरत नाही. कोल्हापूरचाच अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे गेला आणि २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात आघाडीच्या फळीत खेळला. निवासी क्रीडा प्रबोधिनीची निवड चाचणी हा साधारण घरातल्या मुलासाठी मला सर्वांत भला मार्ग वाटतो, कारण राहणे, जेवण, शिक्षण आणि सराव यांची सोय एकाच जागी होते.

मुलींसाठीही याच दिशा आहेत. इंडियन विमेन्स लीग २०१६-१७ पासून सुरू आहे, आणि सुब्रतो चषकात मुलींचा वेगळा गट आहे. मुलींचा संघ पूर्ण होत नाही म्हणून शाळा प्रवेशिका भरत नाहीत, ही आपल्याकडची मोठी अडचण आहे. दोन-तीन शेजारच्या गावांतल्या पालकांनी एकत्र येऊन मुलींना एकाच माध्यमिक शाळेत घातल्यावर हा प्रश्न सुटलेला मी पाहिला आहे.

५. ट्रायलचा दिवस

माझी पहिली ट्रायल मी खेळलोच नाही. जून महिना होता, मडगावला सकाळी आठला पोहोचायचे होते, आणि मी जी गाडी धरून चाललो होतो तिची वेळ कोकण रेल्वेच्या पावसाळी वेळापत्रकात बदलली आहे हे मी पाहिले नव्हते. कुडाळ स्थानकावर पोहोचलो तेव्हा ती निघून गेलेली होती. म्हणून सांगतो: ट्रायल असेल त्या गावी आदल्या संध्याकाळीच पोहोचा, नातेवाईक नसतील तर स्वस्त खोली घ्या, आणि पावसाळ्यात गाडीची वेळ पुन्हा पडताळा. सामन्याआधी अडीच-तीन तास पेज किंवा साधा भात खा. नवे काही खाऊ नका.

ट्रायलमध्ये साधारण वीस-वीस मिनिटांचे सामने खेळवतात आणि अनोळखी मुले एका संघात टाकतात. तेथे कोणी कोणाला चेंडू देत नाही. दुसऱ्या ट्रायलमध्ये पहिल्या वीस मिनिटांत मला चेंडू फक्त चार वेळा मिळाला आणि गोल एकही झाला नाही, तरीही माझी निवड झाली. पुढे त्या प्रशिक्षकांनी मला सांगितले की चेंडू गेल्यावर मी सेंटर बॅकवर लगेच धावून जात होतो आणि मिडफिल्डरला (मधल्या फळीतल्या खेळाडूला) हाताने जागा दाखवत होतो, एवढे त्यांना पुरले. त्यामुळे चेंडू मिळाला नाही म्हणून मागे येऊन मिडफिल्डमध्ये गर्दी करू नका. आपल्या जागेवर राहून धावा करत राहा, बोलत राहा, आणि संधी हुकली तर डोक्याला हात लावून उभे राहू नका.

कोणत्या जागेवर खेळता असे विचारले तर स्ट्रायकरसोबत आणखी एक जागा सांगा. भारतातल्या वरच्या लीगमध्ये क्लब परदेशी स्ट्रायकर घेण्याला पसंती देतात. २०१७-१८ आणि २०१८-१९ अशी लागोपाठ दोन वर्षे आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीगमध्ये) सर्वाधिक गोल एफसी गोव्याच्या स्पॅनिश कोरोने केले. भारतीय स्ट्रायकरला त्यामुळे बरेचदा विंगवर किंवा परदेशी स्ट्रायकरच्या मागे खेळावे लागते. ज्याला ते जमते त्याला मिनिटे मिळतात.

चित्रफीतही तयार ठेवा. फक्त गोल जोडून केलेली फीत प्रशिक्षक फारशी गंभीरपणे घेत नाहीत. गच्चीवरून किंवा उंच बांधावरून, मैदानाचा अर्धा भाग दिसेल असा, एक पूर्ण सामना मोबाइलवर घ्या, म्हणजे चेंडू नसतानाच्या तुमच्या धावा त्यांना दिसतील.

पैसे मागणाऱ्या ट्रायलपासून सावध राहा. नोंदणीचे किरकोळ शुल्क समजू शकते, परंतु निवडीची हमी देऊन किंवा युरोपातल्या क्लबची ट्रायल देतो म्हणून हजारो-लाखो रुपये घेणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमानुसार अठरा वर्षांखालील खेळाडूची आंतरराष्ट्रीय बदली मोजके अपवाद वगळता होतच नाही. ज्या क्लबचे नाव सांगितले जाते त्या क्लबला स्वतः ईमेल करून खात्री करा.

६. नोंदणी

निवड झाल्यावर क्लब तुमचे नाव अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या मध्यवर्ती नोंदणी प्रणालीत घालतो. तिला सगळे सीआरएस म्हणतात. तुम्हाला एक क्रमांक मिळतो आणि तोच पुढे कायम राहतो. एका वेळी नोंदणी एकाच क्लबकडे असते, आणि बदली ठरलेल्या मुदतीतच करता येते.

येथेच मी अडकलो. मुंबईतल्या एका क्लबकडून मी केवळ एका स्पर्धेसाठी खेळलो होतो आणि त्यांनी कागदावर घेतलेली सही म्हणजे संपूर्ण हंगामाची नोंदणी होती. गोव्यातल्या क्लबने मला घेतले तेव्हा ती नोंद निघाली, बदली वेळेत झाली नाही, आणि मी अर्धा हंगाम फक्त सराव करत काढला. कोणत्याही अर्जावर सही करताना तो कोणत्या क्लबचा आणि किती मुदतीचा आहे हे विचारा, सही केलेल्या कागदाचा फोटो तिथल्या तिथे काढा, आणि हंगाम संपल्यावर क्लब सोडायचा असेल तर तसे लेखी कळवून पोच घ्या.

७. पहिला करार

व्यावसायिक खेळाडू म्हणजे ज्याच्याकडे लेखी करार आहे आणि ज्याला खेळण्याच्या खर्चापेक्षा अधिक मानधन मिळते. तोंडी आश्वासनावर खेळणारा कितीही गोल करो, वाद झाल्यावर त्याच्या हातात काही नसते. करार घरी आणा, दोन दिवस ठेवा, ओळखीच्या वकिलाकडून वाचून घ्या. मी पुढील गोष्टी स्वतः तपासतो.

मुदत: फिफाच्या नियमात करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा, आणि अठरा वर्षांखालील खेळाडूचा जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो. वैद्यकीय तपासणी: ती सहीआधी झाली पाहिजे, तपासणीत उत्तीर्ण झालात तरच करार लागू, अशी अट घालता येत नाही. पगार: वर्षाचे किती महिने मिळणार हे स्पष्ट लिहिलेले असावे, कारण हंगामापुरताच पगार देणारे करार सर्रास असतात आणि पावसाळ्याचे महिने कोरडे जातात. दुखापत: शस्त्रक्रियेचा खर्च कोण करणार, विमा कोणाच्या नावे, त्या काळात पगार चालू राहणार का. राहणे, जेवण आणि गोलमागे बोनस ठरला असेल तर तोही कागदावर घ्या.

दोन महिन्यांचा पगार थकला तर क्लबला लेखी सूचना देऊन पंधरा दिवसांची मुदत द्यावी, आणि त्यानंतरही पैसे आले नाहीत तर खेळाडूला करार रद्द करण्याचे योग्य कारण मिळते, असे फिफाचा नियम सांगतो. ही सूचना ईमेलने द्या आणि तिची प्रत जपा; रागाच्या भरात सराव सोडून घरी निघून आलात तर चूक तुमच्यावर ढकलली जाते.

एजंट घेणार असाल तर त्याच्याकडे फिफाचा परवाना आहे का ते पाहा. त्याच्याशी होणारा करार दोन वर्षांहून अधिक मुदतीचा असू शकत नाही, आणि अल्पवयीन खेळाडूशी बोलण्याआधी त्याने पालकांची लेखी संमती घ्यावी लागते. मुलाला मैदानाबाहेर एकटे गाठून बूट भेट देणारा आणि कोऱ्या कागदावर सही मागणारा माणूस एजंट नसतो.

८. हंगामातले शरीर

सर्वांत जास्त स्ट्रायकर मांडीच्या मागच्या स्नायूमुळे आणि गुडघ्यामुळे गमावले जातात. मे महिन्यात सुट्टीवर गावी आल्यावर रात्रीच्या प्रकाशझोतातल्या बक्षिसांच्या स्पर्धांत खेळण्याचा आग्रह होतो, मित्रांना नाही म्हणणे जड जाते. करार असताना तेथे खेळू नका. कातळाच्या मैदानावर गुडघा फिरला तर क्लबचा विमा ती दुखापत मानणार नाही, आणि शस्त्रक्रियेचा खर्च घरावर येईल.

९. शिक्षण आणि नोकरी सोबत चालू ठेवा

क्लब बंद पडतात. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला, २०१६ मध्ये साळगावकरने आणि स्पोर्टिंग क्लब द गोवाने आय-लीग ही राष्ट्रीय लीग सोडली. जुलै २०२५ मध्ये तर आयएसएलचाच पुढचा हंगाम स्थगित झाला आणि नावाजलेले खेळाडूही महिनोन्‌महिने वाट पाहत राहिले. यात खेळाडूचा दोष नसतो, पण झळ त्यालाच लागते. म्हणून बारावी सोडू नका, आणि पदवी मुक्त विद्यापीठातून का होईना पूर्ण करा.

महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वेत आणि इतर काही आस्थापनांत क्रीडा कोट्यातून भरती होते. या सगळ्यासाठी स्पर्धेचा दर्जा आणि प्रमाणपत्राची पडताळणी महत्त्वाची असते, आणि ती क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांच्या कार्यालयातून करून घ्यावी लागते. भरतीची जाहिरात निघाल्यावर पडताळणीला धावलात तर मुदत निघून जाते, त्यामुळे राज्यस्तरावर खेळल्या खेळल्याच अर्ज करा. प्रमाणपत्रावर तुमचे पूर्ण नाव, स्पर्धेची तारीख, मिळालेले स्थान आणि सचिवांची सही आहे का हे मैदान सोडण्याआधीच पाहा. त्याला लॅमिनेशन करू नका, नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला, आणि पावसाळ्यात ती फाइल कौलांखालच्या माळ्यावर न ठेवता पत्र्याच्या पेटीत ठेवा.